सोळावरून पंधरावर: गाडीची चाकं एक इंच लहान कशी करावीत

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याहून संगमेश्वरला निघालो होतो. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, ही आमची ठरलेली वाट. घाट उतरल्यावर पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसलाच नाही. दाणकन आवाज आला. मागे बसलेल्या बाबांनी कमरेला हात लावला आणि पुढचा अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. चिपळूणला पंक्चरवाल्याने चाक काढलं, तर टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आलेला आणि अलॉयची आतली कड वाकलेली. अशा फुग्याला दुरुस्ती नसते. आतले धागे तुटलेले असतात, त्यामुळे टायर टाकूनच द्यावा लागतो. स्टेपनी लावली आणि सावकाश घर गाठलं.

घरी पोचल्यावर त्या स्टेपनीकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. चालती चारही चाकं १६ इंची अलॉय, टायर १९५/५५ आर १६. स्टेपनी मात्र १५ इंची, साधी लोखंडी, टायर १८५/६५ आर १५. म्हणजे एक इंच लहान चाक माझ्या गाडीला चालतं हे खुद्द कंपनीनेच डिकीत ठेवून दिलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत चारही चाकं १५ इंची केली. त्यासाठी जे वाचावं, मोजावं आणि विचारावं लागलं, ते सगळं क्रमाने लिहितो आहे.

लहान चाकाने नक्की काय बदलतं

लोकांना वाटतं चाक लहान केलं की गाडी खाली बसेल. तसं होत नाही, कारण लहान होतो तो फक्त मधला धातूचा रिम. त्याच्याभोवती टायरची जाडी वाढते आणि बाहेरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. धातू कमी आणि रबर-हवा जास्त, एवढीच ही अदलाबदल आहे.

खड्ड्याचा पहिला मार शॉकअॅब्झॉर्बर खात नाही, टायर खातो. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, जितकी उंच, तितकी ती दबायला जागा जास्त. भिंत बुटकी असेल तर खड्ड्याची धार टायरला थेट रिमवर चेपते. रिम आणि दगड यांच्या चिमटीत रबर सापडलं की फुगा येतो, आणि जोर जास्त असेल तर रिम वाकतो किंवा तडकतो. माझ्या दोन मापांमध्ये ही भिंत १०७ मिलिमीटरवरून १२० झाली. १३ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्पीडब्रेकरवर, पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत, डांबर उखडलेल्या कडेवर फरक कळतो. मोठ्या खड्ड्यात गाडी तेव्हाही आदळायची, आताही आदळते. जी बारीक, सततची खडखड मणक्यात जायची, ती मात्र बरीच कमी झाली आहे.

याची किंमतही मोजावी लागते. स्टिअरिंगला पूर्वीचा तरतरीतपणा राहत नाही. वेगात लेन बदलताना गाडी क्षणभर उशिरा वळते. टायर अरुंद झाला तर कोरड्या रस्त्यावर जोरात वळण घेतानाची पकड थोडी घटते. उलट साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो, तरंगत कमी. कोकणात ये-जा करणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे. ज्याला द्रुतगती मार्गावर वेगात गाडी चालवण्यातच आनंद आहे, त्याने मोठी चाकं ठेवावीत.

मायलेजच्या आशेने मात्र हा बदल करू नका. अरुंद टायरचा थोडा फायदा होतो, पण शहरातल्या वाहतुकीत तो हिशेबात दिसण्याइतका नसतो.

पायरी १: तुमच्या मॉडेलचं लहान माप शोधा

माझा नियम सोपा आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही: तुमच्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी जे लहान माप देते, तेवढंच घ्यायचं. त्याखाली जायचं नाही. आपल्याकडे बहुतेक गाड्यांचे वरचे व्हेरिएंट केवळ दिसण्यासाठी मोठ्या चाकांवर येतात, त्यामुळे उतरायला एक पायरी बहुधा असतेच.

माप तीन ठिकाणी सापडेल. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. अनेक गाड्यांवर तिथे दोन्ही मापं छापलेली असतात. दुसरं, गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका. तिसरी डिकीतली स्टेपनी. स्टेपनी बघताना एक काळजी घ्या. मापाच्या सुरुवातीला टी हे अक्षर असेल तर तो तात्पुरता, सायकलसारखा बारीक टायर आहे. त्यावरून काहीही ठरवू नका. आणि रिमवर ताशी ८० किलोमीटरचं स्टिकर असेल, तर ते बहुधा माप वेगळं असल्यामुळे लावलेलं असतं.

काही ओळखीच्या गाड्या सांगतो. बलेनोमध्ये १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ ही जोडी आहे. स्विफ्टमध्ये १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५. कुशाक आणि टायगनमध्ये २०५/६० आर १६ आणि २०५/५५ आर १७. क्रेटामध्ये २०५/६५ आर १६ आणि २१५/६० आर १७. एक्सयूव्ही ७०० मध्ये २३५/६५ आर १७ आणि २३५/६० आर १८. कंपन्या वर्षागणिक व्हेरिएंट बदलतात, म्हणून तुमच्या गाडीचं स्टिकर हेच खरं माना, हा परिच्छेद नाही.

पायरी २: व्यासाचं गणित स्वतः करा

१८५/६५ आर १५ यात १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बनावट आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. शाळेतलं गणित पुरेसं आहे.

१८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५. भिंत वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून दुप्पट: २४०.५. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर.

आता १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७.२५, दुप्पट २१४.५. रिम १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४. एकूण ६२०.९ मिलिमीटर.

फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. टायर झिजला की याहून कितीतरी मोठा फरक पडतो. म्हणून या जोडीत स्पीडोमीटर, किलोमीटरचा आकडा, गाडीची उंची, काहीच हलत नाही.

सगळ्या जोड्या इतक्या जुळलेल्या नसतात. क्रेटाचं करून बघा: १७ इंचीचा व्यास ६८९.८ आणि १६ इंचीचा ६७२.९. जवळपास अडीच टक्के कमी. याचे परिणाम समजून घ्या. चाक लहान म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी फेऱ्या जास्त, म्हणजे काटा पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेग दाखवणार. काट्यावर १०० असताना पूर्वी प्रत्यक्ष वेग १०० असेल, तर आता तो साधारण साडेसत्त्याण्णव असेल. सुरक्षेच्या बाजूने हे चांगलंच. पण किलोमीटरही तितकेच जास्त मोजले जातील. चाक बदलल्यावर मायलेज वाढलं असं सांगणाऱ्या काहींच्या आनंदाचं मूळ इथे असतं: गाडी ९७५ किलोमीटर गेली आणि आकडा १००० पुढे सरकला. गाडीची उंचीही व्यासाच्या फरकाच्या निम्म्याने, साडेआठ मिलिमीटरने, कमी होते.

फरक दोन-अडीच टक्क्यांच्या आत असावा. आणि मोठ्या बाजूला शक्यतो जाऊच नये, कारण तेव्हा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो.

एकाच वेळी चारही चाकं बदलायची, हेही इथेच सांगतो. पुढे पंधरा, मागे सोळा असं ठेवून बचत करू नका. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्थैर्य सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करत असते, आणि पुढे-मागे पकड वेगळी असलेली गाडी ओल्या वळणावर कशी वागेल याचा भरवसा नाही.

पायरी ३: रिमची पाच मापं

टायर चुकला तर पैसे जातात. रिम चुकला तर चाक निखळू शकतं. म्हणून इथे घाई नको.

पहिलं, बोल्टांचं वर्तुळ, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात. बलेनो, स्विफ्ट, आय ट्वेंटी, सिटी यांना ४ नट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. क्रेटाला ५ नट आणि ११४.३. टायगन-कुशाकला ५ आणि १००. '४ बाय १०० आहे म्हणजे बसेलच' असं दुकानदार सांगेल. बसेल, पण बरोबर बसेल असं नाही. त्याचं कारण पुढचं माप.

दुसरं, मधलं भोक. रिमच्या मध्यावरचं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाच्या, गोल उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे. मारुती आणि ह्युंदाईच्या या लहान गाड्यांत ते ५४.१ मिलिमीटर आहे, होंडा सिटीत ५६.१, फोक्सवॅगन-स्कोडात ५७.१. भोक लहान असेल तर रिम चढणारच नाही. मोठं असेल तर चढेल, पण केंद्र नटांच्या भरवशावर राहील आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागेल. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येतो. अशा वेळी मापाची कडी घालून मोकळी जागा भरावी लागते. ती दुकानदाराकडे नसेल तर रिम घेऊ नका.

तिसरं ऑफसेट, रिमवर ईटी अक्षरांपुढे कोरलेला आकडा. चाक कमानीत किती आत किंवा बाहेर बसेल ते हा आकडा ठरवतो. मूळ आकड्याच्या पाच मिलिमीटर इकडेतिकडे एवढं चालतं. त्यापलीकडे बेअरिंगवर भलता भार येतो.

चौथं, रिमची रुंदी. १८५/६५ आर १५ टायर ५ ते साडेसहा इंच रुंदीच्या रिमवर बसवता येतो. कंपनीचा रिम घेतला तर हे आपोआप जुळतं.

पाचवं नटांची बैठक, आणि हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित. नटाचा रिमला टेकणारा भाग काही गाड्यांत शंकूसारखा निमुळता असतो, काहींत चेंडूसारखा गोल. होंडा आणि फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बैठक असते. बाहेरच्या अलॉयला बहुतेक निमुळती. गोल बैठकीत निमुळता नट पिळला तर तो घट्ट लागतो, हाताला तसं जाणवतं, पण टेकतो फक्त एका बारीक रेषेवर, आणि काही दिवसांत ढिला होतो. लोखंडी रिम आणि अलॉय यांचे नटही काही मॉडेलमध्ये वेगळे असतात. पुस्तिकेत बघा, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट नंबर विचारा.

ही पाचही मापं बिनचूक जुळवण्याचा सोपा मार्ग एकच: तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटचे मूळ, कंपनीचे रिम घेणं. मी तेच केलं.

पायरी ४: स्टेपनी लावून ब्रेक तपासा

वरच्या व्हेरिएंटला किंवा ताकदवान इंजिनाला कधी कधी मोठ्या ब्रेक डिस्क असतात. लहान रिम त्यांच्यावर चढत नाही, किंवा चढून कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याला, घासतो. स्टेपनी लहान मापाची असेल तर रविवारची सकाळ पुरते.

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकाला दगड लावा. जॅक लावण्याआधीच नट थोडे सैल करा. पुढचं एक चाक काढून तिथे स्टेपनी चढवा, सगळे नट हाताने आणि मग पान्याने लावा. चाक हाताने फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला आणि कॅलिपरमध्ये सगळीकडे तीन-चार मिलिमीटर तरी फट दिसली पाहिजे. बॅलन्सिंगची चिकटवजनं याच जागी येतात हे लक्षात ठेवा. मग गाडी खाली घेऊन स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठे घासतंय का ते ऐका. पुन्हा मूळ चाक लावा. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. मोबाइलचा टॉर्च बाहेरून मारला तरी फट दिसते.

पायरी ५: टायर निवडताना

मापानंतर लिहिलेला आकडा आणि अक्षर वाचा, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो भार पेलू शकतो, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, टी म्हणजे १९०. कंपनीने त्या मापाला जो भारांक सांगितला आहे, त्याच्या खाली अजिबात जाऊ नका. पाच माणसं, डिकी भरलेली आणि वर तांदळाचं पोतं घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला हा आकडा कागदापुरता नसतो. विजेच्या गाड्यांत बॅटरीचं वजन मोठं असल्यामुळे तिथे तर दुप्पट काळजी.

साइडवॉलवर आयएसआय चिन्ह हवं. शेजारी चार आकड्यांचा उत्पादनाचा शिक्का असतो: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आठवडे जवळपास असावेत. वर्षभराहून जुना साठा असेल तर दुसरा मागा. मागितला की मिळतो, न बघणाऱ्याला जुना जातो.

माप निवडण्यात आणखी एक मोठा फायदा दडलेला आहे. १८५/६५ आर १५ हा टायर स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, बलेनो अशा रस्त्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या गाड्यांना लागतो, म्हणून तो तालुक्याच्या गावीही मिळतो. माझ्या १६ इंची मापाचा टायर चिपळुणात त्या दिवशी दोन दुकानांत नव्हता. गणपतीच्या आदल्या दिवशी रस्त्यात अडकलेल्या माणसाला या उपलब्धतेची किंमत कळते.

पायरी ६: पैशाचा खरा हिशेब

माझ्या वहीतले आकडे देतो. दुकान, शहर आणि ब्रँड बदलला की ते बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

मला १६ इंची टायरचा भाव ७,२०० रुपये मिळाला होता, १५ इंचीचा ५,३०० रुपये. चार टायरमागे फरक ७,६०० रुपये. कंपनीचे चार वापरलेले लोखंडी रिम ६,००० रुपयांना मिळाले. त्यांचे व्हील कप १,२०० रुपये. बसवणं, बॅलन्सिंग, नव्या वॉल्व्ह आणि अलाइनमेंट मिळून १,६०० रुपये. म्हणजे पंधरावर जायला एकूण ३०,००० रुपये लागले. सोळावरच राहून चार नवे टायर घेतले असते तर २८,८०० आणि वर तोच बसवण्याचा खर्च, म्हणजे ३०,४००. शिवाय वाकलेला अलॉय दुरुस्त करायचा तो वेगळा. जुने अलॉय विकून १३,००० रुपये आले.

यातून जी गोष्ट निघते, ती अशी की टायर संपत आलेले असतानाच हा बदल करायचा. टायर निम्मेही झिजलेले नसतील तर चांगले टायर कवडीमोलाने जातात आणि बचत पुढच्या खेपेपर्यंत लांबते. नक्षीच्या खोबणीत आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी, ३ मिलिमीटरच्या आसपास, मी टायर काढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या भावाची यादी कुणी पुढे केली तर तारीख विचारा.

याहून स्वस्त मार्गही आहे. खालचं व्हेरिएंट घेणारे अनेक जण गाडी घरी आली की महिन्याभरात अलॉय बसवतात. त्यांच्याकडचे लोखंडी रिम, कित्येकदा जवळजवळ कोरे टायर चढवलेले, गॅलरीत पडून असतात. त्यांना तुमचे १६ इंची अलॉय हवे असतात, तुम्हाला त्यांचे १५ इंची रिम. गाठ पडली तर थोडे पैसे वरखाली करून सरळ अदलाबदल होते. अॅक्सेसरीच्या दुकानातही असे काढून ठेवलेले संच असतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करायला हरकत नाही.

वापरलेला रिम घेताना तो बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, टायर न चढवता. डोळ्यांसमोर कड लपकताना दिसली तर तो वाकलेला आहे. थोडा वाकलेला लोखंडी रिम ठोकून सरळ होतो आणि चालतो. अलॉयचं तसं नाही. त्यावर वेल्डिंगची खूण, आतल्या बाजूला नवा रंग किंवा केसासारखी बारीक रेघ दिसली तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

लोखंडी की लहान अलॉय, हा प्रश्न आरामाचा नाही, आवडीचा आहे. आराम देते ती साइडवॉल, आणि ती दोन्हीवर सारखीच. हलका १५ इंची अलॉय मिळाला तर उत्तम. लोखंडी रिम मात्र मोठ्या अलॉयपेक्षा हलका असेलच असं नाही. मी खराब रस्त्यांचा विचार करून लोखंडी घेतले.

पायरी ७: बसवण्याचा दिवस

आमच्या भागातल्या टायरवाल्या दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "साहेब, पंधराचे सोळा करायला रोज येतात. सोळाचे पंधरा करणारे तुम्ही पहिलेच. पण घरात म्हातारं माणूस असेल तर बरोबर करताय."

समोर उभं राहून चार गोष्टी बघा. हब आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या; थोडा गंज राहिला तरी चाक तिरकं बसतं. नट आधी हाताने तीन-चार फेरे लावा, मग फुलीच्या आकारात, समोरासमोरचे, आवळा. हवेच्या गनने एकदम कचकचून पिळू देऊ नका. शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायला सांगा. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. चौथी गोष्ट टायरच्या दाबाच्या सेन्सरची. सेन्सर वॉल्व्हला जोडलेला असेल तर जुन्या रिममधून सांभाळून काढून नव्यात बसवावा लागतो. काही गाड्यांत सेन्सर नसतोच, एबीएसच्या फेऱ्यांवरून दाब ओळखला जातो. तिथे हवा भरून झाल्यावर पुस्तिकेप्रमाणे रिसेट करायचं.

बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंट त्यानंतर. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या.

५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून झाली की नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. नवा रिम बैठकीत बसताना नट किंचित सैल पडू शकतात. मी त्यासाठी दुसऱ्या दिवशीचा मोबाइलवर गजर लावला होता, कारण हे विसरतंच.

हवा आणि पहिले हजार किलोमीटर

स्टिकरवर तुमच्या नव्या मापापुढे दिलेला दाब भरा, सकाळी, टायर थंड असताना. जुन्या मापाचा आकडा सवयीने सांगितला जातो, तेवढं जपा. गाडी आणखी मऊ व्हावी म्हणून तीन-चार पीएसआय हवा कमी ठेवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. कमी हवेचा उंच टायर कडेने झिजतो, तापतो आणि खड्ड्यात पुन्हा तोच चिमटा बसतो, ज्यातून सुटण्यासाठी हे सगळं केलं. पूर्ण भारासाठी स्टिकरवर वेगळा दाब असेल तर लांबच्या प्रवासाआधी तो भरा.

नवे टायर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर थोडे गुळगुळीत असतात, तेवढे दिवस ब्रेक लांबून मारा. ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर पुन्हा बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला खेचत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. खेचण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये, नाही बदलली तर अलाइनमेंटमध्ये.

आता पाचही चाकं एका मापाची झाली. पूर्वी स्टेपनी फक्त अडचणीपुरती होती. आता तिचा टायर तारखेने फार जुना नसेल, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरवर तिलाही फेरीत घेता येतं. पाच टायर सारखे झिजतात आणि संच तेवढा जास्त टिकतो. माझ्या स्टेपनीचा टायर सहा वर्षांचा निघाला, म्हणून तो फेरीत न घेता डिकीतच ठेवला.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेलं माप आणि कंपनीचेच रिम, या हट्टामागे सुरक्षेइतकंच हेही कारण आहे. त्यात तुमची बाजू भक्कम राहते. विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवा आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून नवं माप जॉबकार्डवर लिहून घ्या. टायर आणि रिमची बिलं गाडीच्या फाइलमध्ये लावा.

काढलेले अलॉय

गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर अलॉय विकू नका. वरचं व्हेरिएंट घेणाऱ्याला ते गाडीवर हवेच असतात, आणि विकताना परत चढवता येतात. धुऊन, ब्रेकची काळी पूड काढून, कोरडे करून एकावर एक रचा, मध्ये पुठ्ठा घाला. नट वेगळ्या डबीत, त्यावर गाडीचं नाव.

विकणार असाल तर संच तोडू नका. तीन चांगले आणि एक वाकलेला असा संचही तसं सांगून विकता येतो. मी वाकलेल्या कडेचा फोटो पहिल्याच निरोपात पाठवला. घेणारा साताऱ्याहून आला, त्याने तो एक रिम दुरुस्तीवाल्याला दाखवला, ५०० रुपये कमी केले आणि चारही घेऊन गेला.